चांदबिबी : दोनदा फितूर ठरवलेली राणी

आपल्या सोसायटीला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेसाठी मीही काहीतरी लिहावे असा निरोप आला, तेव्हा सोबत दोन विषयही सुचवलेले होते. एक, ज्येष्ठ नागरिकांनी ठेवी कुठे ठेवाव्यात. दुसरा, बँकेतल्या गमतीजमती. पहिल्या विषयावर मी जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी आणि संध्याकाळच्या कट्ट्यावर बोलतच असतो, तोही फुकट. आणि बँकेतल्या ज्या खऱ्या गमती आहेत त्या छापता येत नाहीत. मी बी.ए. केलं ते इतिहास घेऊन. पुढे सगळी नोकरी लेजर आणि कर्जप्रकरणांत गेली, तरी वाचनाची आवड राहिली. म्हणून या अंकासाठी एका राणीबद्दल लिहितो आहे. नाव सर्वांच्या ओळखीचं आहे, हकीकत मात्र अर्धीच ठाऊक असते.

चांदबिबी म्हटलं की शाळेतल्या पुस्तकातलं चित्र आठवतं. अहमदनगरच्या किल्ल्याच्या तटाला भगदाड पडलं आहे आणि चिलखत घातलेली, तोंडावर बुरखा घेतलेली बाई हातात तलवार घेऊन त्या भगदाडात उभी आहे. मोगल मागे हटले, धडा संपला, खाली प्रश्न. पण ती बाई त्यानंतर साडेचार वर्षांनी मारली गेली, आणि मारणारे मोगल नव्हते. तिच्याच किल्ल्यातली, तिच्याच पगारावरची माणसं होती. ती शत्रूला मिळाली आहे अशी आवई उठली आणि चौकशी वगैरे काही न होता तिला तिच्या महालात कापून काढलं. पुढे कित्येक वर्षं नोकरीत चौकशी अहवाल वाचावे लागले, म्हणून असेल कदाचित, मला हा शेवटचा भाग नेहमी जास्त खुपत आला.

वर्धेच्या माणसाला तिचं काय, असं कोणी विचारील. तर आपला तिच्याशी संबंध आहे आणि तो कागदोपत्री आहे. त्याकडे येतोच.

चांदबिबीचा जन्म 1550च्या सुमाराचा. वडील अहमदनगरचे हुसेन निजामशहा, आई खुंजा हुमायून. नगरचा आजचा दगडी भुईकोट किल्ला याच हुसेन निजामशहाने बांधला. त्या काळी दक्खनमध्ये विजापूरची आदिलशाही, नगरची निजामशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, बीदरची बरीदशाही आणि आपल्या वऱ्हाडची इमादशाही अशा पाच शाह्या होत्या. आज मैत्री तर उद्या लढाई, असा कारभार. विजयनगरच्या रामरायाविरुद्ध एकत्र यायचं ठरलं, तेव्हा आधी नगर आणि विजापूर यांच्यातलं जुनं भांडण मिटवणं भाग होतं. भांडण मुख्यतः सोलापूरच्या किल्ल्यावरून. तोडगा असा निघाला की नगरची मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला द्यायची, सोलापूरचा किल्ला तिच्यासोबत आंदण द्यायचा, आणि अलीची बहीण नगरच्या युवराजाला करायची. म्हणजे साटंलोटं. या सोयरिकीच्या जोरावर जानेवारी 1565मध्ये तालिकोटची लढाई झाली आणि विजयनगरचं साम्राज्य कोसळलं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला कोणी विचारलं असेल असं वाटत नाही. पण तिच्या लग्नाने दक्षिणेचा नकाशा बदलला हे खरं.

लढाईनंतर थोड्याच दिवसांत वडील वारले. भाऊ मुर्तझा लहान होता, म्हणून आई खुंजा हुमायून राज्य बघू लागली. चार-पाच वर्षं तिने कारभार केला, स्वतः फौजेबरोबर बाहेर पडली. मग मुलाने आणि दरबारातल्या सरदारांनी मिळून तिला कैदेत टाकलं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नावाची त्या काळातली एक सचित्र पोथी आहे. तिच्यातल्या चित्रांत हुसेन निजामशहाच्या शेजारी राणी बसलेली होती. होती असं म्हणतो, कारण बहुतेक चित्रांत राणीची आकृती नंतर पुसून टाकलेली आहे. राजा बसला आहे, दासी चवऱ्या ढाळत आहेत आणि शेजारी नुसता रंगाचा डाग. मुलगी तेव्हा सासरी विजापूरला होती. आईचं काय झालं ते तिच्या कानावर गेलंच असणार.

सासरची पंधरा वर्षं बरी गेली असं दिसतं. अली आदिलशहाचा तिच्यावर जीव असावा. विजापुरात त्याने बांधलेल्या एका मोठ्या विहिरीला तिचं नाव आहे, चांद बावडी. ती विहीर आजही आहे. तिला फारसी, अरबी, तुर्की तर येतच होती, पण मराठी आणि कानडीही येत होती असं सांगतात. घोड्यावर बसून नवऱ्याबरोबर शिकारीला आणि मोहिमांवर जायची. मूलबाळ नव्हतं. 1580 साली अली आदिलशहाचा महालातच खून झाला आणि गादी आली त्याच्या पुतण्याकडे, इब्राहिमकडे. वय वर्षं नऊ.

बँकेत काम केलेल्यांना अज्ञान खातेदाराचं खातं ठाऊक असतं. पैसा मुलाचा, सही पालकाची. पालकाने सही केली की घरातल्या प्रत्येकाला वाटतं, याने काहीतरी खाल्लं. पालक बाई असली, आणि त्यातून विधवा असली, तर बघायलाच नको. चांदबिबीने आयुष्यात असं पालकपण दोनदा केलं, एकदा सासरी आणि एकदा माहेरी. दोन्ही वेळा मूल तिचं नव्हतं, आणि दोन्ही वेळा तिच्यावर आरोप एकच आला.

विजापुरात आधी कामिल खान नावाचा सरदार डोईजड झाला. त्याला तिने दुसऱ्या सरदाराच्या, किश्वर खानाच्या मदतीने दूर केलं. मग किश्वर खानच डोईजड झाला. त्याला राणी नकोशी झाली, तेव्हा त्याने हत्यार काढलं ते माहेरचं. ही बाई भावाला, म्हणजे नगरच्या मुर्तझाला, विजापूरवर चालून यायला फूस देते आहे असा आळ घेतला आणि तिला साताऱ्याच्या किल्ल्यावर, म्हणजे आपल्या अजिंक्यताऱ्यावर, कैदेत टाकलं. अगदी आईसारखं. फरक इतकाच की विजापूरच्या लोकांना ते पटलं नाही. ज्या रस्त्यांवरून किश्वर खान मिरवायचा त्याच रस्त्यांवर त्याची छी-थू झाली, तो पळाला आणि हबशी सरदार इखलास खानाने राणीला सोडवून आणलं. पुढे विजापूरला वेढा पडला असताना तिने तटावर फिरून फौजेला धीर दिला, असं सांगतात. वेढा घालणाऱ्यांत माहेरची फौज होती हे लक्षात घ्या. फितुरीच्या आरोपाचं यापेक्षा चांगलं उत्तर काय असू शकतं?

इब्राहिम मोठा होत होता, कारभार दिलावर खानाकडे गेला होता. 1584च्या सुमारास इब्राहिमच्या बहिणीचं लग्न नगरच्या शहजाद्याशी ठरलं, तेव्हा नवरीबरोबर चांदबिबी माहेरी परत आली. तिने वाढवलेला हा इब्राहिम म्हणजे पुढे संगीताच्या नादाने प्रसिद्ध झालेला दुसरा इब्राहिम आदिलशहा. मुलगा वाया गेला नाही, एवढं तिच्या बाजूने लिहिता येतं.

माहेर मात्र वाया गेलेलं होतं. भाऊ मुर्तझा भ्रमिष्टासारखा वागायचा. 1588 साली त्याला त्याच्या मुलानेच मारलं. पुढच्या वर्षी त्या मुलाला दरबाऱ्यांनी मारलं. 1588 ते 1595 या सात वर्षांत नगरच्या गादीवर पाच जण दिसतात, आणि त्यातला पाचवा, इब्राहिम निजामशहा, काही महिन्यांतच विजापूरशी लढताना पडला. त्याच्यामागे एक तान्हा मुलगा, बहादूर. चांदबिबीच्या भावाचा नातू.

आता बघा, 1595च्या पावसाळ्यानंतर नगरला चार गट झाले आणि चार वारसदार. मियाँ मंजू नावाच्या वजिराने अहमद नावाचा एक मुलगा गादीवर बसवला, जो घराण्यातला होता की नाही याचीच शंका. हबशी सरदारांच्या इखलास खानाने (हा विजापूरचा नव्हे, दुसरा) बाजारातून मोती नावाचं एक पोर आणलं. अभंग खानाने शाह अली नावाच्या म्हाताऱ्याला पुढे केलं, जो सत्तरीच्या पुढचा होता, म्हणजे साधारण माझ्या वयाचा. त्या वयात गादीवर बसायची हौस म्हणजे कमालच. आणि चांदबिबी म्हणत होती की खरा वारस तान्हा बहादूरच, ज्याला मियाँ मंजूने जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यावर डांबून ठेवलं होतं.

या भांडणात मियाँ मंजूने ती गोष्ट केली जिच्यामुळे सगळं बिघडलं. त्याने गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शहजादा मुरादला, मदतीला या म्हणून पत्र पाठवलं. अकबर दक्षिणेकडे डोळे लावून बसलाच होता. मुराद आणि खानखानान अब्दुर्रहीम (आपण ज्याचे दोहे शाळेत शिकलो तोच रहीम) फौजा घेऊन निघाले. ते पोचेपर्यंत मियाँ मंजूला पश्चात्ताप झाला आणि तो किल्ला सोडून आपल्या अहमदला घेऊन विजापूरकडे मदत मागायला निघून गेला. म्हणजे पाहुणे बोलावले यानेच, आणि ते दारात आले तेव्हा हाच घरात नाही. दार सांभाळायला राहिली चांदबिबी.

डिसेंबर 1595मध्ये वेढा पडला. राणीने बहादूरच्या नावाने कारभार हाती घेतला. बाहेर असलेल्या गटांना तिने निरोप पाठवले की आपसातलं नंतर बघू. अभंग खान रात्री खानखानानच्या छावणीतून वाट काढत थोड्या माणसांनिशी किल्ल्यात शिरला. म्हातारा शाह अली मात्र वाटेतूनच मागे फिरला. विजापूरहून सुहेल खान मोठी फौज घेऊन निघाला होता, पण त्याला यायला वेळ होता. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणायला घेतले.

इथे एक माणूस आहे ज्याचं नाव शाळेच्या पुस्तकात नसतं. ख्वाजा मुहम्मद खान शिराझी. हा मोगलांच्या बाजूचा. रात्री तो किल्ल्यात येऊन सुरुंग कुठे आहेत ते सांगून गेला. चांदबिबी स्वतः उभी राहिली आणि आतून खणून दारू बाहेर काढायचं काम सुरू झालं. काही सुरुंग निकामी झाले, पण तिसऱ्यावर काम चालू असतानाच मोगलांनी तो पेटवला. खणणारे मेले, तटाचा मोठा भाग कोसळला. किल्ल्यातले भले भले सरदार पळायच्या बेतात. तेव्हा राणी चिलखत चढवून, तोंडावर बुरखा आणि हातात उघडी तलवार घेऊन भगदाडाकडे धावली. ती पुढे गेली म्हटल्यावर पळणारे वळले. तोफा भगदाडाशी ओढून आणल्या. मुरादची माणसं दिवसभर चढून येत राहिली आणि खंदक प्रेतांनी भरत राहिला. संध्याकाळी मोगल मागे फिरले. रात्रभर राणी तिथून हलली नाही. सकाळी मोगलांनी पाहिलं तर जिथे भगदाड होतं तिथे पुन्हा माणसापेक्षा उंच भिंत. त्या दिवसापासून लोक तिला बिबी म्हणायचे सोडून सुलतान म्हणू लागले, चांद सुलताना.

गोळे संपले तेव्हा तिने आधी तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी आणि शेवटी दागिने तोफेत भरून डागले, अशी कथा आहे. तांब्याची नाणी भरली असतील, ते शक्य आहे. सोन्याबद्दल माझ्यातला कॅशियर जरा अडतो. पण वेढ्यात अडकलेल्या किल्ल्यात सोन्याने धान्य मिळत नाही हेही खरं, तेव्हा डागलंही असेल.

धान्य दोन्हीकडे संपत आलं होतं. सुहेल खान जवळ येत होता, आणि मुराद आणि खानखानान यांचं आपसात पटत नव्हतं. 1596च्या सुरुवातीला तह झाला. मोगलांनी नगर सोडायचं, बहादूरला सुलतान मानायचं आणि त्या बदल्यात निजामशाहीने वऱ्हाड द्यायचं.

हाच तो आपला संबंध. वऱ्हाडची इमादशाही मुर्तझा निजामशहाने 1574 साली बुडवून आपल्या राज्यात घातली होती. बावीस वर्षांनी त्याच्या बहिणीने ते वऱ्हाड अकबराला देऊन राजधानी वाचवली. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी आहे. गाविलगड, नरनाळा, खेरला, कळंब, माहूर आणि त्यांच्यात पवनार. होय, आपलं धाम नदीवरचं पवनार, जिथे आज आपण विनोबांच्या आश्रमात पाहुण्यांना घेऊन जातो. तेव्हा वर्धा शहर नव्हतंच, ते 1866 सालचं. वर्धा नदीच्या अलीकडचं मुसलमानी राजवटीचं ठाणं म्हणजे पवनार, तीन बाजूंनी पाणी असलेला किल्ला. तिकडे गोदावरीच्या पलीकडे एका भगदाडात बाई उभी राहिली आणि इकडे धामेच्या काठी धनी बदलला. मुरादने बाळापूरजवळ शहापूर वसवून मुक्काम केला. पुढे जहांगीरच्या काळात आष्टीला मुहम्मद खान नियाझी जहागीरदार म्हणून राहिला, त्या घराण्यातल्या कबरींच्या सुंदर इमारती आपल्या जिल्ह्यात आष्टीला आजही आहेत. आष्टी म्हटलं की आपल्याला 1942चे हुतात्मे आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण तिथे गेलात तर या इमारतीही बघा. त्या ज्या राजवटीच्या आहेत, ती आपल्याकडे आली त्या तहामुळे.

तहाने तिचं दुखणं संपलं नाही, वाढलं. वऱ्हाड गेलं ते या बाईने घालवलं, असं म्हणणारे निघाले. तिने पेशवा नेमलेला मुहम्मद खान स्वतःच मालक व्हायला बघू लागला, त्याला काढावं लागलं. मग अभंग खान पेशवा झाला, तोच जो वेढ्यात मदतीला आला होता. त्यालाही बहादूर ताब्यात हवा होता. राणीने किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले आणि अभंग खान बाहेरून स्वतःच्याच राजाच्या किल्ल्याला वेढा घालून बसला. चार वर्षं हेच.

1599 साली मुराद दारूपायी मेला. अकबराने दुसरा मुलगा दानियाल आणि पुन्हा खानखानानला पाठवलं आणि या वेळी स्वतः बऱ्हाणपूरला येऊन बसला. अभंग खान मोगलांना अडवायला म्हणून घाटाकडे गेला आणि लढाई न करताच जुन्नरकडे निघून गेला. 1600 साली पुन्हा वेढा. या वेळी विजापूरची फौज येणार नव्हती, किल्ल्यात एकी नव्हती आणि राणी पन्नाशीची होती.

तेव्हा तिने जो विचार केला त्यावरच सगळा वाद आहे. अकबरनाम्यात अबुल फजलने लिहून ठेवलं आहे की राणीशी बोलणी चालू होती, अभंग खानाचा बंदोबस्त झाला की ती किल्ला देईल आणि तिला बीडची जहागीर मिळेल. फिरिश्ता, जो त्या काळात विजापूर दरबारी होता आणि त्याआधी नगरलाच नोकरीत होता, तो सांगतो की तिने किल्ल्यातल्या जीता खान नावाच्या खोजा सरदाराला सल्ल्याला बोलावलं. तिचं म्हणणं असं की सरदारांच्या वागण्यामुळे किल्ला टिकणार नाही, तेव्हा अभयवचन घेऊन किल्ला द्यावा आणि बहादूरला घेऊन जुन्नरला जावं, राज्य तिथून चालवावं. म्हणजे बोलणी होत होती. ती नाकारण्यात अर्थ नाही, आणि तिच्या बाजूचे लोक ती उगाच झाकतात असं मला वाटतं. चार वर्षांपूर्वी वऱ्हाड देऊन तिने गादी वाचवली, तेव्हा तोच हिशेब शहाणपणाचा होता. आता किल्ला देऊन मूल वाचवावं, हा हिशेब वेगळा कसा? बुडीत कर्जात तडजोड करणारा अधिकारी हरामखोर नसतो. ज्याला आकडे दिसतात तो ती करतो.

जीता खानाने तिच्यासमोर काय केलं असेल ते असो, बाहेर येऊन त्याने किल्ल्यात ओरड केली की चांदबिबी मोगलांना मिळाली. गर्दी जमली, महालात घुसली. जिच्यासाठी तीच माणसं भगदाडात उभी राहिली होती तिला त्यांनीच मारलं. जुलै 1600. कोणी तिला समोर उभं करून विचारलं नाही, कोणी पत्र दाखवा म्हटलं नाही.

किल्ला मग किती टिकला? ऑगस्टमध्ये पडला. मोगलांनी सुरुंग उडवले, आत शिरले, मोठी कत्तल झाली. ज्यांनी तिला मारलं त्यांच्यातले किती त्या दिवशी मेले असतील कोण जाणे. पोरगा बहादूर पकडला गेला आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर कैदेत पाठवला गेला. तिची योजना होती की त्याला जुन्नरला न्यावं. तो गेला असता तर पुढे काय झालं असतं यावर भांडत बसण्यात अर्थ नाही, पण निजामशाही संपली नव्हती एवढं नक्की. मलिक अंबरने दुसरा वारस शोधून परांड्याला गादी मांडली आणि मोगलांना पंचवीस वर्षं झुंजवलं. राजधानी गेली तरी राज्य चालवता येतं हे त्याने दाखवलं. चांदबिबीने तेच सुचवलं होतं.

आमची मोठी नात हल्ली मोबाईलवर इंग्लंडच्या ॲन बोलिनची मालिका बघते. तिच्यामुळे मीही वाचलं. आठव्या हेन्रीची ही राणी. 2 मे 1536ला पकडली, 19 मेला तिचं डोकं उडवलं, राजद्रोह आणि व्यभिचाराचे आरोप ठेवून. ते आरोप खरे नव्हते असं आज बहुतेक इतिहासकार मानतात. पुरायला शवपेटी नव्हती, तर बाण ठेवायची लाकडी पेटी वापरली. पण तिथे निदान खटला झाला, खोटा का होईना, आणि त्याचे कागद राहिले. 1876 साली टॉवरमधल्या त्या चर्चची दुरुस्ती करताना तिची मानली गेलेली हाडं नीट ठेवून वर नावाची फरशी बसवली. दर वर्षी 19 मेला तिथे फुलं येतात. तिची मुलगी एलिझाबेथ, म्हणजे आपल्या चांदबिबीची समकालीन. ज्या 1600 साली नगरला चांदबिबी मारली गेली त्याच वर्षीच्या शेवटच्या दिवशी, 31 डिसेंबरला, एलिझाबेथने ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेवर सही केली. नातीला हे सांगितलं तेव्हा तिने मालिका थांबवली. त्या दिवशी पहिल्यांदाच.

आपल्याकडे आठवण राहिली ती वेगळ्या रीतीने. नगरला माझी तीन वर्षं बदली होती. तिथल्या कोणालाही विचारा, चांदबिबीचा महाल कुठे, तर तो पाथर्डी रस्त्याला शहा डोंगराकडे बोट दाखवतो. एका रविवारी आमच्या सौ. आणि मी डबा घेऊन स्कूटरवर गेलो. डोंगरावर अष्टकोनी, तीन मजली, भक्कम दगडी इमारत, चहूकडे कमानी आणि भणाणता वारा. ती चांदबिबीची नाहीच. ती मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे, तळघरात थडगी आहेत. वजीर कर्तबगार होता, नगरच्या पाण्याची सोय बघणारा. पण लोकांनी त्याची इमारत काढून राणीला दिली. सरकारी फलक काहीही सांगो, रिक्षावाला चांदबिबी महालच म्हणणार. सौ.चं तेव्हाचं म्हणणं असं की वजिराला एवढं चालून जावं. तिचा शेवटही लोकांनी बदलून घेतला आहे. नगरकडे सांगतात की ती तेजाब भरलेल्या विहिरीत स्वतः उडी मारून गेली, कोणाच्या हाती लागली नाही. मला ही कथा खोटी असूनही समजते. आपल्याच माणसांनी मारलं हे पिढ्यान्‌पिढ्या सांगायला जड जातं.

चित्रकारांनीही तिला सोडलं नाही. तिच्या मृत्यूनंतर शंभर-दीडशे वर्षांनी दख्खनी चित्रकार तिला घोड्यावर बसलेली, मनगटावर बहिरी ससाणा घेतलेली अशी काढत होते. अशी चित्रं आज परदेशातल्या संग्रहालयांत आहेत. आईचं चित्र पुसलं गेलं, मुलीचं पुन्हा पुन्हा काढलं गेलं. 1878 साली मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याची तिच्यावर इंग्रजीत कादंबरी निघाली.

आणि एक धागा पुन्हा आपल्या वर्ध्याहून जातो. 14 जुलै 1942ला काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी देश सोडावा हा ठराव केला तो इथे, वर्ध्याला. महिन्याभरात त्याच कार्यकारिणीतली माणसं, नेहरू, पटेल, मौलाना आझाद, पकडून नगरच्या किल्ल्यात कोंडली गेली. तिथे नेहरू बागकाम करताना जमिनीतून जुन्या भिंतींचे अवशेष वर येत. 1944 साली तिथेच लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’मध्ये त्यांनी या किल्ल्यात लढलेल्या आणि स्वतःच्या माणसाकडून मारल्या गेलेल्या चांदबिबीची आठवण केली आहे. म्हणजे इथला ठराव आणि तिथला तट, दोन्ही एकाच पुस्तकाच्या पाठीशी आहेत.

कोणाला जायचं असेल तर वर्ध्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट नगरला जाते. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, तिकीट काढताना ते लक्षात ठेवा. किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे, म्हणून ओळखपत्र जवळ असू द्या. शहा डोंगरावर सकाळी लवकर जा, उन्हं चढली की दगड तापतो. पाण्याची बाटली न्या, आणि वर गेल्यावर तळघरातल्या वजिरालाही नमस्कार करा.